पाण्याची पाळी: घरच्या बागेचा कंट्रोलर बदलताना

कॅलिफोर्नियात सॅन होझेतल्या आमच्या घराच्या गॅरेजमध्ये, पाणी तापवण्याच्या टाकीशेजारच्या भिंतीवर, एक पिवळट पडलेली प्लास्टिकची पेटी होती: बागेला पाणी सोडणारा जुना कंट्रोलर. २०१६ मध्ये घर घेतले तेव्हा ती घराबरोबरच आमच्याकडे आली आणि पाच वर्षे मी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. पहाटे पाच वाजता ती बागेतले व्हॉल्व्ह एकेक करून उघडत असे, ठरलेल्या मिनिटांनी बंद करत असे, आणि आम्ही उठेपर्यंत हिरवळ ओली झालेली असे. मे ते सप्टेंबर या काळात इथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. वर्षाकाठी जो सुमारे ३८० मिलिमीटर पाऊस होतो, तो बहुतेक सगळा हिवाळ्यातला. त्यामुळे उन्हाळ्यात बाग जगते ती केवळ नळाच्या पाण्यावर, आणि ते पाणी किती द्यायचे हे आमच्या घरात ती पेटी ठरवत होती.

२०२१ च्या उन्हाळ्यात मात्र तिच्याकडे पाहणे भाग पडले. सलग दोन हिवाळे कोरडे गेले होते. त्यातच आमच्या जिल्ह्यातले सर्वात मोठे अँडरसन धरण भूकंपसुरक्षेच्या दुरुस्तीसाठी २०२० मध्येच रिकामे करावे लागले होते. ९ जून २०२१ रोजी सांता क्लारा खोऱ्याच्या पाणीपुरवठ्याची जबाबदारी असलेल्या ‘व्हॅली वॉटर’ या संस्थेने टंचाईची आणीबाणी जाहीर केली आणि २०१९ च्या तुलनेत पाण्याचा वापर १५ टक्क्यांनी कमी करायला सांगितले. मी फलटण तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावात वाढले आहे. उन्हाळ्यात टँकरपुढे लागलेली घागरींची रांग मी पाहिली आहे आणि त्या रांगेत उभीही राहिले आहे. आपल्या दारातला फुटपाथ रोज पहाटे ओला होतो, ही गोष्ट पाच वर्षे नजरेआड केल्याचे मला त्या आठवड्यात फार लागले.

प्रथम बिले काढून पाहिली. इथे पाण्याचे बिल दोन महिन्यांनी येते आणि त्यातले एक युनिट म्हणजे शंभर घनफूट, सुमारे २,८३० लिटर. हिवाळ्यातल्या दोन महिन्यांचे बिल १४ युनिटचे होते आणि आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरचे ४१ युनिटचे. घरातला वापर बारा महिने साधारण सारखाच असतो, म्हणून वरची २७ युनिटे बागेचीच धरावी लागतात. दिवसाला हे जवळजवळ पावणेतेराशे लिटर होतात. सगळी मिळून सत्तर-पंचाहत्तर चौरस मीटर हिरवळ, एक लिंबाचे झाड, काही गुलाब आणि कुंड्या एवढ्यासाठी हे पाणी फार होते.

याचे एक कारण पेटीचे झाकण उघडून कार्यक्रम तपासल्यावर लगेच सापडले. अशा कंट्रोलरमध्ये कार्यक्रमाला ‘सुरू होण्याची वेळ’ द्यायची असते, आणि त्या एका वेळेला सर्व झोन, म्हणजे एकेका व्हॉल्व्हवर भिजणारे बागेचे भाग, ओळीने एकामागून एक चालतात. पूर्वीच्या मालकाने, किंवा त्यांच्याकडे काम करणाऱ्या कुणीतरी, पाच वाजताची वेळ दिली होती आणि तिच्या जोडीला पावणेसातची दुसरी वेळही दिली होती. दुसरा झोन पावणेसातला सुरू व्हावा असा त्यांचा हेतू असावा. प्रत्यक्षात पावणेसातला सगळी बाग पहिल्यापासून पुन्हा भिजत होती. ही चूक इतकी सहज होण्याजोगी आहे की ज्यांच्याकडे जुना कंट्रोलर आहे त्यांनी, नवा घ्यायचा नसला तरी, आजच सुरू होण्याच्या वेळा मोजून पाहाव्यात. दुसरी वेळ मी तिथल्या तिथे काढून टाकली, आणि नव्या यंत्रावर एक पैसाही खर्च करण्याआधी रोजचे पाणी निम्मे झाले.

मग कंट्रोलर बदलायचाच कशाला, असा प्रश्न घरात निघाला आणि तो रास्त होता. माझे उत्तर असे होते की जुन्या पेटीला फक्त घड्याळ कळते. जूनच्या कडक उन्हात आणि ऑक्टोबरच्या ढगाळ दिवसांत ती सारखेच पाणी देते. वीज गेली आणि आतली नऊ व्होल्टची बॅटरी संपलेली असली, तर सगळे विसरून कारखान्यातून आलेल्या मूळ कार्यक्रमावर, म्हणजे रोज प्रत्येक झोनला दहा मिनिटे, जाऊन बसते. हवामानानुसार चालणारा कंट्रोलर तपमान, आर्द्रता, वारा आणि ऊन यांवरून मातीतून व पानांतून किती पाणी उडून गेले असेल याचा रोज हिशेब करतो, आणि तेवढी तूट भरून काढतो. हे बाष्पपर्णोत्सर्जनाचे गणित नवे नाही. कॅलिफोर्नियात १९८२ पासून ‘सिमिस’ नावाचे हवामान केंद्रांचे जाळे शेतकऱ्यांना हेच आकडे पुरवत आले आहे, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तयार केलेले ‘फुले इरिगेशन शेड्यूलर’ हे ॲपही याच पायावर उभे आहे. नवे आहे ते एवढेच, की तो हिशेब आता गॅरेजमधल्या पेटीपर्यंत आपोआप पोचतो.

निवड करताना मी तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, यंत्रावर ‘वॉटरसेन्स’ची खूण असावी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा हा उपक्रम २००६ पासून चालू आहे आणि हवामानाधारित कंट्रोलरसाठी त्याचे निकष २०११ मध्ये आले. व्हॅली वॉटरच्या अनुदानासाठीही ही खूण उपयोगी पडते. मात्र अनुदानाचा अर्ज खरेदीच्या आधी करावा, कारण आधी खरेदी आणि मग अर्ज केल्यामुळे अनुदानाला मुकलेले लोक माझ्या ओळखीत आहेत. दुसरी, इंटरनेट बंद पडले तरी शेवटचे वेळापत्रक यंत्राच्या स्वतःच्या स्मृतीतून चालू राहिले पाहिजे. तिसरी, फोन न वापरताही यंत्रावरचे बटण दाबून एखादा झोन चालू-बंद करता आला पाहिजे, कारण घरात प्रत्येकाने ॲप बाळगावे अशी अपेक्षा चुकीची आहे. ‘ओपनस्प्रिंकलर’ या खुल्या आराखड्याच्या कंट्रोलरचाही मी बराच विचार केला. शेवटी आठ झोनचा एक तयार कंट्रोलर घेतला.

तो आल्यावर लगेच भिंतीवर चढवला नाही, हे बरे झाले. जमिनीखालचे सगळे तारकाम वीस-पंचवीस वर्षांचे होते आणि त्याचा नकाशा कुणाकडेही नव्हता. एका शनिवारी सकाळी मी मल्टिमीटर घेऊन जुन्या पेटीसमोर बसले. आधी गॅरेजचा ब्रेकर बंद केला. या पेट्यांच्या आत एक ट्रान्सफॉर्मर असतो. तो घरातली १२० व्होल्टची वीज २४ व्होल्टवर आणतो आणि बागेत जाते ती फक्त ही २४ व्होल्टची. म्हणून बागेकडच्या तारांना हात लावणे धोक्याचे नाही, पण पेटीच्या आतली दुसरी बाजू जिवावर बेतू शकते. आमच्या पेटीत ती वीज प्लगने न येता थेट भिंतीतून आली होती. ते टोक काढून जोडपेटीत बंद करून घेण्याचे काम मी परवानाधारक वायरमनकडून करून घेतले, आणि इतरांनीही तेवढे पैसे वाचवू नयेत असे मला मनापासून वाटते.

काहीही सोडवण्यापूर्वी जोडपट्टीची चार बाजूंनी छायाचित्रे काढली आणि प्रत्येक तारेला कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर क्रमांक लिहिला. पांढरी तार ही सामाईक तार असते, ती सगळ्या व्हॉल्व्हना फिरून आलेली असते आणि ‘सी’ अक्षराच्या खाचेत बसते. बाकी रंगीत तारा एकेका व्हॉल्व्हच्या. व्हॉल्व्हच्या डोक्यावर सोलेनॉइड, म्हणजे तांब्याच्या तारेचे वेटोळे, असते. त्याला वीज मिळाली की आतला दट्ट्या वर उचलला जातो आणि पाणी सुटते. रंगीत तार आणि पांढरी तार यांच्यामधला रोध मोजला की ते वेटोळे धड आहे की नाही हे व्हॉल्व्हपाशी न जाता कळते. साधारण २० ते ६० ओहम आला तर ठीक. फारच कमी आला तर वेटोळे आतून शॉर्ट झाले आहे, आणि मीटरने काहीच दाखवले नाही तर कुठेतरी तार तुटलेली आहे.

पहिले तीन झोन २८ ते ३१ ओहमच्या आत आले. चौथ्याचा आकडा १५ आला. मी तो तीनदा मोजला आणि सोलेनॉइड खराब झाला असे समजून नवा मागवण्याच्या बेतात होते. मग खाचेत नीट पाहिले तेव्हा एकाच स्क्रूखाली दोन तारा दाबलेल्या दिसल्या, एक नारिंगी आणि एक तपकिरी. दोन वेटोळी समांतर जोडली की रोध निम्मा होतो, त्यामुळे १५ हा आकडा अगदी बरोबर होता. तारा वेगळ्या करून मोजल्या तर दोन्ही ३० च्या आसपास भरल्या. म्हणजे इतकी वर्षे फुटपाथशेजारची अरुंद हिरवळ आणि कुंपणाकडेचे गुलाब एकाच वेळी, एकाच मापाने भिजत होते. गुलाबांची पाने दरवर्षी काळ्या डागांनी का भरतात याचा उलगडा मला त्या दोन तारांत मिळाला. दोन व्हॉल्व्ह एकदम उघडत असल्याने दाबही विभागला जात होता आणि फवारे हिरवळीच्या कडेपर्यंत पोचत नव्हते.

सहाव्या झोनचा रोध मीटरने दाखवलाच नाही. हा मागच्या अंगणातला झोन, आणि तिकडची हिरवळ खरोखरच वर्षभर सुकलेली होती. आम्ही तो दोष सावलीला देत होतो. व्हॉल्व्हपाशी जाऊन माती उकरली तेव्हा तारांचा जोड साध्या टोपीने केलेला आणि हिरवा पडून कुजलेला दिसला. जमिनीतल्या जोडासाठी आतून ग्रीस भरलेल्या टोप्या मिळतात. त्या ओलावा आत शिरू देत नाहीत आणि किमतीला किरकोळ असतात. चांगले तांबे लागेपर्यंत तार मागे कापली, नवा जोड दिला आणि मीटरवर २९ ओहम दिसले. ज्या झोनला सोलेनॉइडपर्यंत वीजच पोचत नव्हती, त्याला जुनी पेटी रोज इमानाने दहा मिनिटे देत होती. नव्या पेटीनेही पाणी दिल्याची नोंद केली असती आणि आलेखात तिथे निळी रेघ दाखवली असती.

दुसऱ्या झोनच्या व्हॉल्व्हमधून सगळे बंद असतानाही पाणी झिरपत होते. हे रस्त्याकडेच्या मीटरवरच्या छोट्या त्रिकोणी चकतीने सांगितले. घरातला एकही नळ चालू नसताना ती चकती फिरत असेल तर गळती आहे. व्हॉल्व्हचे झाकण उघडून आतला रबरी पडदा काढला. त्याच्या काठाखाली वाळूचा खडा अडकला होता. पडदा धुऊन परत बसवला आणि चकती थांबली.

एवढे झाल्यावर प्रत्यक्ष कंट्रोलर बसवायला अर्धा तास पुरला. चिठ्ठ्यांप्रमाणे तारा नव्या जोडपट्टीत गेल्या, नारिंगी आणि तपकिरी तारांना स्वतंत्र खाच मिळाली, प्लगचा छोटा ट्रान्सफॉर्मर शेजारच्या सॉकेटमध्ये बसला. अडचण आली ती वायफायची. ही यंत्रे बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरच चालतात आणि आमचा राउटर फोनला ५ गिगाहर्ट्झकडे ढकलत होता, त्यामुळे दोघांची गाठ पडत नव्हती. राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे दिली आणि प्रश्न मिटला. नंतर राउटर दिवसभर बंद ठेवून पाहिला. पहाटेचे पाणी ठरल्या वेळी सुटले, तेव्हा मला स्वस्थ वाटले.

यानंतर मी एक मोठी चूक केली. ॲप प्रत्येक झोनबद्दल प्रश्न विचारते: काय लावले आहे, ऊन किती, उतार किती, माती कोणती, नोझल कोणत्या प्रकारचे. उत्तर माहीत नसेल तर आधीच भरलेले उत्तर तसेच ठेवता येते. दिवसभराच्या कामाने थकून मी माती ‘पोयटा’ आणि नोझल ‘नेहमीचे फवारे’ अशी तयार उत्तरे ठेवली आणि झोपायला गेले. दोन आठवड्यांनी पुढच्या हिरवळीचा वरचा कोपरा करपला होता, खालच्या कडेला बोट रुतत होते, आणि फुटपाथ पूर्वीसारखाच ओला होता. एवढे सगळे करूनही फुटपाथ ओला पाहून मला फार वाईट वाटले.

त्या रविवारी आईशी व्हिडिओवर बोलताना मी तिला सगळे दाखवले. फलटणला शेतीची वीज रात्री येत असे तेव्हा कंदील घेऊन दारे धरायला, म्हणजे वाफ्यांत पाणी वळवायला, आईच जात असे, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत तिचा शब्द मी मानते. ॲपवरचा आलेख मी फोनसमोर धरला तेव्हा तिने विचारले, “आगं, ते यंत्र माती बघतंय का?” मी म्हटले, नाही, ते आभाळ बघते आणि मातीबद्दल मी सांगितले ते खरे मानते. “मग तू तरी बघितलीस का? वाफसा आलाय का ते बघ की हात घालून.” मी पाहिली नव्हती. माती हाताला चिकटत नाही आणि कोरडीही नाही, मुळांना पाणी आणि हवा दोन्ही मिळतात, त्या अवस्थेला आपल्याकडे वाफसा म्हणतात. यंत्राचा जो सारा हिशेब आहे तो माती त्या अवस्थेच्या आसपास ठेवण्यासाठीच आहे. आणि त्या हिशेबाचा पाया असलेली माती मी न पाहताच ‘पोयटा’ म्हणून लिहून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर भांड्यांचा साबण घालून खूप हलवले आणि बरणी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळाचे बारीक कण दोन-तीन तासांत, आणि चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते. आमची बरणी दोन दिवस गढूळ होती. खाली बसलेल्या थरांत निम्म्याहून अधिक चिकणमाती होती, आपल्याकडच्या भारी काळ्या रानासारखी, उन्हाळ्यात भेगाळणारी.

मग हिरवळीवर बारा सपाट डबे मांडले, माशांच्या डब्यांसारखे उथळ आणि सरळ कडांचे, आणि फवारे पंधरा मिनिटे चालवले. डब्यांत सरासरी ८ मिलिमीटर पाणी जमले, म्हणजे तासाला ३२. पण सर्वात कमी भरलेल्या तीन डब्यांची सरासरी ५ होती. वरचा कोपरा का करपला ते पट्टीने मोजून समोर आले. कंट्रोलर कितीही हुशार असला तरी असमान पडणारे पाणी तो समान करू शकत नाही. दोन फवारे तिरके झाले होते, ते सरळ केले. एकाचे नोझल मातीने बुजले होते, ते बदलले. एका फवाऱ्यासमोर वाढलेली झुडपाची फांदी कापली. पुन्हा डबे मांडले तेव्हा सरासरी ८ च राहिली, पण कमी भरलेले तीन डबे ६ वर आले.

आता खरी माहिती ॲपमध्ये भरता आली, आणि एकदा तरी हे गणित हाताने करून पाहावे म्हणून मी ते वहीत मांडले. चिकणमातीत दर मीटर खोलीला झाडाला उपयोगी पडेल असे सुमारे १७० मिलिमीटर पाणी मावते. हिरवळीची मुळे १५ सेंटिमीटरपर्यंत गेली आहेत असे धरले तर २५ मिलिमीटरचा साठा होतो आणि त्यातला निम्मा संपला की पाणी द्यायचे असा प्रघात आहे, म्हणजे दर पाळीला सुमारे १३ मिलिमीटर. जुलैत इथे दिवसाला सहा मिलिमीटरच्या आसपास बाष्पपर्णोत्सर्जन होते. थंड हवेतल्या गवताचा गुणांक, म्हणजे त्या आकड्याच्या किती पट पाणी गवताला लागते ते प्रमाण, ०.८ धरून गवताची रोजची गरज ४.८ मिलिमीटर येते. तेरा भागिले ४.८ म्हणजे पावणेतीन दिवस. रोजच्या पाण्याची गरजच नव्हती. पाण्याच्या पाळीला लागणारा वेळ, तासाला ३२ मिलिमीटर या दराने, पंचवीस मिनिटांच्या आसपास आला आणि असमानतेची थोडी भर घालून मी तो २८ मिनिटे धरला.

पण चिकणमाती अठ्ठावीस मिनिटे सलग पाणी पिऊ शकत नाही. मी घड्याळ लावून उभी राहिले तेव्हा आठव्या मिनिटाला पाणी वाहायला लागले. ॲपला माती चिकण आहे हे कळल्यावर त्याने स्वतःच एका पाळीचे चार तुकडे केले: सात मिनिटे पाणी, चाळीस मिनिटे मुरायला, पुन्हा सात. पहाटेचे जवळजवळ अडीच तास त्यात जातात, पण फुटपाथ कोरडा राहतो. माझ्या मते घरगुती बागेसाठी या यंत्रांचा सर्वात मोठा उपयोग हवामानाच्या अंदाजापेक्षाही हा आहे, आणि ज्याची जमीन भारी आहे त्याने तो पहिल्याच दिवशी चालू करावा.

लिंबाच्या झाडाला ठिबक आहे आणि तिथे ॲपचे गणित नीट बसेना, कारण ते पाणी मिलिमीटरमध्ये मोजते आणि ठिबक लिटरमध्ये पडते. हा झोन मी रोजच्या स्वयंचलित हिशेबातून बाहेर काढला. झाडाच्या घेराचे क्षेत्र साडेचार चौरस मीटर आहे. लिंबूवर्गीय झाडांचा गुणांक ०.६५ च्या आसपास असतो. सहा मिलिमीटरचा दिवस धरला तर रोजचे साडेसतरा लिटर, आठवड्याचे सव्वाशेच्या जवळ. तासाला साडेसात लिटरचे सहा ड्रिपर मिळून ४५ लिटर देतात, तेव्हा आठवड्यातून एकदा पावणेतीन तास. जुनी पेटी रोज दहा मिनिटे, दोनदा, देत असे. वरवरची माती सतत ओली आणि खालची कोरडी. शिवाय सगळे ड्रिपर खोडाला चिकटून होते. ते घेराच्या कडेला, जिथे पाणी पिणारी कोवळी मुळे असतात, तिथे सरकवले. ऑगस्टच्या शेवटी आलेली नवी पालवी पहिल्यांदाच पिवळी नव्हती.

टंचाईमुळे आठवड्यातून तीनच दिवस बागेला पाणी द्यावे अशी सूचना होती. ॲपमध्ये वर्ज्य वार भरण्याची सोय आहे आणि पावणेतीन दिवसांच्या आमच्या हिशेबाला ती फारशी आडवी आली नाही. हवामानाचे केंद्र मात्र मी बदलले. ॲपने आपणहून निवडलेले केंद्र कुणाच्या तरी घराच्या छपरावरचे होते आणि दुपारी शेजारच्या सर्व केंद्रांपेक्षा चार-पाच अंशांनी जास्त तपमान दाखवत होते. छपराच्या तापलेल्या हवेत ठेवलेल्या तापमापकाच्या भरवशावर माझ्या हिरवळीला रोज जास्तीचे पाणी मिळत होते. यादीतले दुसरे, मोकळ्या जागेतले केंद्र निवडले आणि आठवडाभर त्याचे आकडे सिमिसच्या आकड्यांशी ताडून पाहिले. ते जवळजवळ जुळले.

ऑगस्ट-सप्टेंबरचे बिल २७ युनिटचे आले. आदल्या वर्षी ते ४१ होते. घरातली १४ वजा केली तर बागेचे पाणी २७ वरून १३ वर आले. यातला मोठा वाटा दुसरी वेळ काढून टाकण्याचा, व्हॉल्व्हखालच्या खड्याचा आणि एका स्क्रूखालच्या दोन तारांचा आहे, हे मला सांगितलेच पाहिजे. केवळ पेटी बदलून हा आकडा आला असता असे कुणी समजू नये.

२४ ऑक्टोबरला उत्तर कॅलिफोर्नियावर हंगामातला पहिला मोठा पाऊस कोसळला. अंदाज पाहून कंट्रोलरने आदल्या दिवशीचीच पाण्याची पाळी टाळली होती आणि त्यानंतर नऊ दिवस एकही व्हॉल्व्ह उघडला नाही. नवव्या दिवशी सकाळी मी हिरवळीत लांब स्क्रूड्रायव्हर खुपसला. तो चार बोटे सहज गेला. वर आलेल्या मातीचा गोळा झाला आणि मुठीत हलकेच दाबल्यावर फुटला. मुठीचे छायाचित्र आईला पाठवले. तिने उत्तरात फक्त “आला” एवढेच लिहिले.

फुटपाथशेजारची ती अरुंद पट्टी मात्र अजून मनासारखी नाही. सव्वा मीटर रुंदीच्या हिरवळीवर वरून फवारा मारला की वाऱ्याने काही पाणी डांबरावर जाणारच, मग वेळापत्रक कोणतेही असो. ती हिरवळ काढून तिथे कमी पाण्याची स्थानिक झुडपे आणि मातीखालून ठिबकची नळी घालायचे ठरवले आहे. त्याचा अनुदानाचा अर्ज केला आहे आणि तो मंजूर होईपर्यंत चौथा झोन ॲपमध्ये बंद करून ठेवला आहे.